शेवटच्या फेरीतला कॅचर

दर मार्चमध्ये लॉइडच्या तळघरात मित्रमंडळी फँटसी बेसबॉलचे संघ निवडायला जमत; खऱ्या खेळाडूंची नावं एकेका फेरीत आळीपाळीनं उचलून प्रत्येकजण आपला कागदी संघ बनवायचा. एमेट पहिल्याच फेरीत कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा, उचलायचा.

"बाकीचे ढिगानं मिळतात. चांगले कॅचर आहेत किती रे? दोन!"

लॉइड खिदळायचा. "येड्या, कॅचर शेवटच्या फेरीत घ्यायचा असतो. तोवर कुठे पळून जातोय?"

जानेवारीत एमेटला पुरलं. यंदा त्याच्या खुर्चीवर नुसती त्याची टोपी होती. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. नावाजलेले पिचर गेले, बॅटर गेले. शेवटची फेरी आली आणि लॉइडनं उरलेल्या नावांच्या फळ्याकडे पाहिलं. कॅचर कुठे पळून जात नाही, हे त्याचंच म्हणणं खरं ठरलं होतं. सगळ्यात भारी कॅचर अजून तिथेच होता. त्याला कुणीच हात लावला नव्हता.

"उचल की रे, येड्या," लॉइड टोपीला म्हणाला.