जुळत नाही

फेब्रुवारीत राखी मिळावी म्हणून चारुशीलाने इतवारीची अख्खी बाजारपेठ पालथी घातली. दुकानदार हसत होते. शेवटी एका घाऊक दुकानात गेल्या वर्षीचा उरलेला माल निघाला. राखी घेऊन ती धरमपेठेतल्या घरी आली, तेव्हा माया सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती आणि दलाल रुपराव मोबाइल घेऊन फोटो काढायला तयार होता.

"बांधा आता," रुपराव म्हणाला. "साहेब, जरा हसा. बहीण आहे तुमची."

चारुशीलाचा नवरा उन्मेष हसला नाही. डायलिसिसच्या सुयांनी सुजलेला डावा हात मांडीवर ठेवून त्याने उजवा पुढे केला. मायाने राखी बांधली आणि कोणी न सांगता गाठ पुन्हा ओढून पाहिली.

माया जरीपटक्याच्या बाजारात भाजी विकायची. या घरात ती पहिल्यांदाच आली होती. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या रुग्णालयाच्या समितीला सांगायच्या गोष्टीत मात्र ती वर्षानुवर्षं इथे स्वयंपाक करत होती, साहेबांना भाऊ मानत होती आणि आपली किडनी त्यांना निव्वळ मायेपोटी देणार होती. कायद्याला माया चालते, पैसा चालत नाही, असं रुपरावने समजावलं होतं.

चारुशीलाने सरळ रस्ते आधी धरून पाहिले होते. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या किडनीसाठी उन्मेषचं नाव यादीत होतं. ती फोन करायची, पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगायची, "नंबर आला की कळवू." तिची स्वतःची तपासणी झाली होती. ती शिकवायची त्या शाळेत परीक्षा चालू होती म्हणून रिपोर्ट आणायला उन्मेष एकटाच गेला आणि येऊन म्हणाला, "जुळत नाही." त्या दिवशी ती बाथरूमचा नळ सोडून रडली होती.

रुपरावबद्दल कळल्यावर उन्मेष भडकला.

"विकत घेतलेली मला नको, चारू."

"मग काय करू? दुसरा मार्ग सांग ना!"

"थांबू."

"किती थांबायचं? घोटभर पाणी जास्त प्यायलास तर तुला धाप लागते. आपली वेदिका अजून दहावीत आहे. तुझ्या तत्त्वांवर तिला वाढवू का मी? नको असेल तर मर मग!"

 तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "बरं. तू म्हणशील तसं."

फोटो झाल्यावर चारुशीला मायाला स्वयंपाकघरात घेऊन गेली. डबे कुठे, तिखट किती, साहेबांना काय चालत नाही, सगळं तिने पाठ करून घेतलं. मायाने ते भराभर उचललं. मग ओट्याला टेकून विचारलं, "ताई, रागावू नका. तुमी काहून नाही देत?"

"माझी जुळत नाही, मायाताई. जुळली असती तर तुमच्या दारात आलेच नसते. दोन्ही काढून दिल्या असत्या."

"मले भेव वाटते जी. पोरीच्या नर्सिंगची फी भराची आहे म्हणून हो म्हटलं. पण मी टोपलं उचलतो रोज. मंग जमन ना?"

"भिण्यासारखं काही नाही हो," चारुशीलाने तिचा हात धरला. "एका किडनीवर माणूस आरामात जगतो."

समितीच्या दिवशी माया इस्त्रीची साडी नेसून आली. बाकावर बसून ती ओठातल्या ओठात उत्तरं घोळवत होती. रुग्णालयाची समन्वयक नूपुर चारुशीला आणि उन्मेषला बाजूला घेऊन गेली.

"मॅडम, तुम्हाला नक्की विचारतील. उन्मेष सरांनी आम्हाला सांगितलंय तेच सांगा, ऑपरेशनची भीती वाटते. जुळत असून पत्नी देत नाही म्हटलं की जरा टोकतात. मनावर घेऊ नका."

"जुळत असून?"

नूपुरने गोंधळून उन्मेषकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

उन्मेष भिंतीला टेकला. "जुळते हे तुला कळलं असतं तर तू दिल्याशिवाय थांबलीच नसतीस. तुला काही झालं असतं तर वेदिकाचं काय?"

"आणि तिला काही झालं तर?" चारुशीलाने बाकाकडे बोट केलं.

"म्हणून तर नको म्हणत होतो." त्याला धाप लागली होती. "अजून काही बिघडलेलं नाही, चारू. आता तुला माहीत आहे. तू सांगशील तसं करू."

दार उघडलं. शिपायाने तिघांना नावाने पुकारलं.

आत मायाने एकही उत्तर चुकवलं नाही. साहेबाले पालक चालत नाही, ताई तिखट कमी खातात, राखीले साहेब दरवर्षी साडी घेतात. अध्यक्ष समाधानाने मान हलवत होते. मग ते चारुशीलाकडे वळले.

"तुम्ही पत्नी. तुमची किडनी तर उत्तम जुळते आहे. मग तुम्ही का देत नाही?"

मायाची मान झटकन वळली. ती चारुशीलाकडे बघत राहिली. उन्मेषही बघत होता.

चारुशीलाने पदर खांद्यावर ओढून घेतला.

"भीती वाटते, सर," ती म्हणाली.