विंगेतला आवाज

दमयंतीबाईंच्या उजव्या कानातला चारुताचा आवाज मधेच तुटला.

समोर भगवान उभा होता. नाटकातला त्यांचा नवरा. त्याने विचारलं होतं, "मग घर विकायचं की नाही, सुमन?" आता दमयंतीबाईंचं मोठं बोलणं होतं. दुसऱ्या अंकातलं. लोक त्याच्यासाठीच तिकीट काढायचे. पनवेलच्या त्या नाट्यगृहात रविवारी दुपारीही बाल्कनी भरली होती.

कानात फक्त खरखर होती. मग तीही थांबली.

त्यांनी विंगेकडे पाहिलं. चारुता हातातला छोटा माइक झटकत होती. तो खाली टाकून तिने तोंडाजवळ हात धरला आणि दबक्या आवाजात काहीतरी सांगितलं. ते रंगमंचाच्या मध्यापर्यंत पोचलं नाही. चारुता, म्हणजे त्यांची मुलगी, गेलं वर्षभर विंगेत उभी राहून आईच्या कानात एकेक वाक्य सोडत होती. हे त्या दोघींना आणि ध्वनी सांभाळणाऱ्या प्रणितला ठाऊक होतं, बाकी कुणाला नाही, निदान त्या दोघींना तसं वाटत होतं. मुलाखत घ्यायला येणारे अजूनही पहिला प्रश्न पाठांतराबद्दलच विचारत आणि दमयंतीबाई हसून विषय बदलत.

"विकायचं की नाही?" भगवानने पुन्हा विचारलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

प्रेक्षक शांत होते. त्यांना वाटत होतं, बाई थांबल्यात, म्हणजे आता काहीतरी येणार.

काहीच येत नव्हतं. पहिला शब्दसुद्धा नाही. आता चक्कर आल्यासारखं करून खाली बसावं, पडदा पडेल, लोक हळहळतील, असंही दमयंतीबाईंच्या मनात येऊन गेलं. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. मग खुर्ची सोडली, केसांखाली बोटं घातली आणि कानातलं ते वाटाण्याएवढं यंत्र काढून टीपॉयवर ठेवलं.

त्या पुढे आल्या.

"मला पुढचं आठवत नाही," त्या म्हणाल्या.

कुणीतरी टाळी वाजवली. त्याला तो नाटकाचाच भाग वाटला.

"नाही हो, खरंच आठवत नाही. वर्ष झालं. माझी मुलगी आतून सांगते आणि मी बोलते. आज ते यंत्र बंद पडलं. तुम्ही माझं पाठांतर ऐकायला आला असाल, तर ते आता राहिलेलं नाही."

पुढच्या रांगेत एकाने मोबाइल वर केला होता. तो तसाच राहिला. भगवान जागच्या जागी उभा. पडदा ओढणारा माणूस दोरीला हात लावून चारुताच्या तोंडाकडे बघत होता.

मागून, अंधारातून, एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"दमे, सावकास बोल गो! आमाला काय घाई नाय!"

उरणजवळच्या करंजा गावच्या बायका होत्या. दमयंती नाखवा आपल्या गावची, म्हणून टेम्पो करून आल्या होत्या. सगळं नाट्यगृह हसलं. बाल्कनीतून कुणी म्हणालं, "हो मॅडम, आरामात!" आणि मग टाळ्या सुरू झाल्या. या वेळी त्या चुकून वाजल्या नव्हत्या.

दमयंतीबाईंनी पदराने डोळे टिपले. "बसा मंग," त्या अंधाराकडे बघून म्हणाल्या आणि विंगेकडे वळल्या.

"आई, पडदा टाकायचा का?" चारुताने विचारलं.

"पडदा कशाला? संहिता घेऊन ये. आणि बसायला काहीतरी आण."

जीन्स घातलेली चारुता प्लास्टिकचं स्टूल घेऊन भर उजेडात आली आणि सुमनच्या दिवाणाशेजारी बसली. तिने चष्मा लावला. "'विकायचं तर विका,'" तिने वाचलं.

"विकायचं तर विका," दमयंतीबाई म्हणाल्या. आणि पुढची चार-पाच वाक्यं आपोआप आली. मग अडली. त्यांनी चारुताकडे पाहिलं, तिने सांगितलं, त्या पुढे गेल्या. एकदा तर एकच वाक्य दोनदा विचारावं लागलं. कुणी चुळबुळ केली नाही. थोड्या वेळाने स्टुलावरच्या मुलीकडे कुणाचं लक्षही नव्हतं. सुमन नवऱ्याला सुनावत होती आणि बायका नाक ओढत होत्या.

शेवटच्या प्रवेशात भगवान बोलता बोलता थांबला. त्याने छताकडे पाहिलं, सुमनकडे पाहिलं. मग वाकला.

"चारू," तो म्हणाला, "माझं पुढे काय आहे गं?"

नाट्यगृह इतकं हसलं, की चारुताला ते वाक्य ओरडून सांगावं लागलं.

प्रयोग संपल्यावर भगवान मेकअपच्या खोलीत आला. अर्धी मिशी निघाली होती.

"दमयंती, मी पण चारूच्याच भरवशावर होतो गं," तो म्हणाला. "तिचं पुटपुटणं ऐकू यावं म्हणून तिच्या विंगेला चिकटून उभा राहायचो. दिग्दर्शक ओरडायचा, मधे ये, मधे ये. त्याला काय सांगणार?"

दमयंतीबाई एवढ्या हसल्या, की ठसका लागला. त्याने पाणी दिलं.

परतताना गाडी सायन-पनवेल रस्त्याला लागली. बाहेर अजून उजेड होता. चारुताच्या फोनवर एकामागून एक मेसेज येत होते. तिने तो उघडलाच नाही.

"आई, पुढच्या रांगेतल्या त्या माणसानं शूटिंग केलं असेल गं," ती म्हणाली. "उद्या सगळीकडे फिरेल. काय सांगायचं लोकांना?"

तिने वळून पाहिलं. खारघरही आलं नव्हतं आणि दमयंतीबाई सुमनचं मोठं कुंकू तसंच कपाळावर ठेवून, तोंड उघडं टाकून, गाढ झोपल्या होत्या.