'पास'चा शिक्का
देवाशप्पथ सांगते, यातला एकेक शब्द खरा आहे! आमची सून कारखान्यात मजुरांची हेल्मेटं तपासायची. माझा लेक वर्षभर अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या जिवावर. एके दिवशी साहेब म्हणाला, "तडे गेलेल्यांवरही 'पास'चा शिक्का मार, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." सून म्हणाली, "साहेब, हे हात मी ख्रिस्तापुढे जोडते. त्याच हातांनी खोटा शिक्का मारू होय?" "मग तुझा ख्रिस्तच घालेल जेवायला!" सुनेनं तडा गेलेलं हेल्मेट त्याच्यापुढे धरलं, हातोडा उचलला. "हे घाला डोक्यावर. मी एकच ठोका हाणते. टिकलं, तर सगळ्यांवर मारते शिक्का." साहेब असा पळाला की एक बूट तिथंच राहिला! नोकरी गेली, पण सून ताठ मानेनं घरी आली. कबूल, बुटाचं मी घुसडलं. सुनेचं मात्र अक्षरही वाढवलं नाही.