दस्त्यावरची ओल

आमच्या पेनसिल्व्हेनियात जुन्या लष्करी बंदुका विकणाऱ्या मर्ल हॉस्टेटरने सकाळी म्हाताऱ्या अर्लीनबाईंकडून त्यांच्या पणजोबांची यादवी युद्धातली रायफल विकत घेतली. दस्त्यावर पणजोबांनी चाकूने स्वतःचं नाव कोरलं होतं.

“हे नाव नसतं ना मावशी, तर दुप्पट दिले असते,” मर्ल म्हणाला.

“पोरसवदाच होते हो पणजोबा तेव्हा,” बाई ओशाळून म्हणाल्या आणि मिळाले तेवढे पैसे घेऊन गेल्या.

दुपारी एक संग्राहक आला. मर्लने चौपट किंमत सांगितली.

“सोन्याची आहे की काय?”

“अहो, सैनिकाने स्वतः कोरलेलं नाव आहे. त्याचीच तर किंमत!”

संग्राहकाने हसत नेम धरायला दस्ता गालाशी नेला आणि झटकन खाली घेतला. “ओला आहे हो!”

मर्लने फडक्याने दस्ता कोरडा केला. दोघांच्या डोळ्यांदेखत, गाल टेकतो नेमकी तिथेच, पुन्हा ओल आली.

“तेल असेल,” मर्ल पुटपुटला. त्याचे कान तापले होते.

“कुणाकडून घेतलीत?”

मान खाली घालून मर्लने पुन्हा दस्ता पुसला. या खेपेला ओल आसवांसारखी कोमट होती.