पहारेकरी कुणाचा

ऐक नुसतं, मध्ये तोंड घालू नकोस. तो लोखंडी पाना घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत घुसला ना, तेव्हा तिच्या हातातला चहा अजून गरम होता. पहिला फटका मास्तरांच्या नाकावर. तिला प्रोग्राम लिहायला शिकवणारे मास्तर, "अरे, पोर आहे ती" म्हणत आडवे आले आणि कडकन आवाज होऊन भिंतीशी कोसळले.

हा कारखान्यातला फिटर. सकाळी पत्रा दाबायच्या नव्या प्रेसनं त्याच्या धाकट्या भावाची चार बोटं चेचली होती. दाबायच्या आधी मशीननं लिहिलेली ओळ त्याला तोंडपाठ. "पहारेकरी: आत हात नाही. दाब."

"पहारेकरी कुणाचा?"

"माझा," ती म्हणाली.

नाही कसं म्हणणार? प्रेसमध्ये हात आहे का बघणारा तो क्लास, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, तिनंच लिहिलेला. त्यानं टेबलापलीकडून तिचा उजवा पंजा ओढला, टेबलावर दाबून धरला आणि पाना हाणला. करंगळी फुटली.

"लिहिताना बरी चालली तुझी बोटं. तीन राहिली."

"दादा, थांबा." तिची पाचावर धारण बसलेली, पण डोकं चालू होतं. "माझा पहारेकरी फक्त जुन्या प्रेसवर आहे. त्या ओळीत 'पहारेकरी' हे नाव मी हातानं टाइप केलं होतं. कुणी माझ्या क्लासवरच आपला दुसरा क्लास उभा केला, तर तोही 'पहारेकरी'च छापणार. मी त्यालाच विचारते, बाबा, तू कोण. मग तो आपलं खरं नाव सांगेल."

"विचार. डाव्या हातानं."

एका ओळीचं काम. टाइप केलेलं नाव खोडायचं, तिथं 'तुझा क्लास कुठला' एवढंच विचारायचं. दोनदा अक्षरं चुकली, कीबोर्डवर रक्त सांडलं. मग तिनं नव्या प्रेसची सकाळचीच नोंद पुन्हा चालवली.

"चौकीदार: आत हात नाही. दाब."

चौकीदार हा क्लास मास्तरांचा. त्या खोलीत सगळ्यांना माहीत.

फिटरकडे स्क्रीनची पाठ होती. "काय आलं? मोठ्यानं वाच," तो म्हणाला. पाना वर, तिचा पंजा तसाच दाबलेला.

मास्तर बाहीनं नाक दाबून स्क्रीनकडे बघत होते. मान हलवली नाही, खुणावलं नाही. नुसते बघत होते.

तू काय वाचलं असतंस?