शेवटचा गूळ

चिक्कीचा पाक दोनदा करपला होता. आता गूळ एकाच खेपेपुरता उरला होता आणि नात संध्याकाळी होस्टेलवर परत निघणार होती.

ह्यांच्या पाठीशी उभी राहून मी पुन्हा सांगितलं, "अहो, थेंब गार पाण्याच्या वाटीत टाका. टण् वाजला की लगेच गॅस बंद!" जन्मभर ज्यांनी माझं ऐकलं नाही, ते आता काय ऐकणार!

थेंब टण् वाजला. ह्यांनी चटकन गॅस बंद केला. "केला गं बाई, किती घाई तुझी!"

ताटाला तूप लावणारी नात थबकली. "आबा, मी कुठे काय बोलले?"



"तू नाही गं, तुझी आजी. ती जिवंत असताना ऐकलं असतं, तर आज दोन पाक करपले नसते."