फोंडंट फाटतंय

"गेलं! पुन्हा फाटलं!" आतल्या खोलीतून सुनेचा आवाज आला आणि बाहेर मटार सोलत बसलेल्या सासूबाईंचा जीव खालीवर झाला.

पण त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांचा आणि केकचा संबंध वर्षापूर्वीच संपला होता. एका लग्नात, भर हॉलमध्ये, टेबलावर ठेवता ठेवता तीन थरांचा केक त्यांच्या हातून निसटला आणि नवरीच्या मामांच्या पांढऱ्या सुटावर उतरला. मामा बिचारे भले गृहस्थ. चष्म्यावरचं क्रीम पुसत "चव छान आहे" म्हणाले. सासूबाईंनी मात्र घरी येऊन लाटणं कपाटात टाकलं. "माझे हात गेले," म्हणाल्या. तेव्हापासून चहाचा ट्रेसुद्धा त्या दुसऱ्याला उचलायला लावत.

वर्षभर सुनेने नुसत्या क्रीमच्या केकवर घरचं केकचं दुकान रेटलं होतं. आणि आता बाईसाहेबांनी परस्पर लग्नाच्या फोंडंट केकची, म्हणजे वरून साखरेची लाटलेली पोळी चढवलेल्या केकची, ऑर्डर घेतली होती. केक आज संध्याकाळी पोचवायचा होता. दुकानाच्या पाटीवर नाव अजून सासूबाईंचं होतं. म्हणजे फजिती झाली तर कोणाची, हे उघडच होतं.

"अजून थोडं कॉर्नफ्लोअर घालू का?" सुनेने स्वतःलाच विचारलं, तेही चांगल्या खणखणीत आवाजात.

"नको!" सासूबाई ओरडल्या. मग सावरून म्हणाल्या, "मला काय त्याचं. पण नको."

थोडा वेळ आतून नुसती आदळआपट ऐकू आली.

"मग पाण्याचा हात फिरवते वरून."

पाणी! सासूबाईंनी मटारची परात बाजूला सारली आणि त्या तरातरा आत गेल्या.

"फोंडंटवर पाणी? मग बादलीच ओत की, एकदाचं सुटशील!"

टेबलावरचा देखावा बघवत नव्हता. खालच्या थराला हत्तीच्या कातडीसारख्या भेगा पडल्या होत्या. मधल्या थराच्या पोटात हवा धरून चांगला टम्म फुगा आला होता. वरच्या थराला दरदरून घाम फुटला होता. एका केकवर इतक्या चुका करायलाही अंगात काहीतरी लागतं, असं सासूबाईंच्या मनात आलं.

"फ्रिजमध्ये ठेवला होतास?"

"म्हटलं, जरा कडक होईल."

"बाहेर काढल्यावर घाम येतो त्याला. अगं, पुसू नकोस, डाग पडतील! पंखा लाव आणि हाताची घडी घालून उभी राहा." मग त्यांनी स्वतःचे हात पदराखाली घेतले. "आणि हे बघ, मी नुसतं सांगणार. हात लावणार नाही."

सून सुई उचलून त्या फुग्यात सरळ खुपसायला निघाली.

"खून करायचाय का त्याचा? आडवी धर, आडवी! दे इकडे."

सासूबाईंनी सुई घेतली, तिरकी टोचली आणि तळव्याने हळूहळू हवा बाहेर काढली. फुगा बसला. हात बाहेर आलेच होते, तेव्हा त्यांनी खालच्या थरावरचं भेगाळलेलं फोंडंटही, आतल्या क्रीमच्या जाड लेपाला धक्का न लावता, सोलून काढलं. वनस्पती तुपाचं बोट लावून, ग्लिसरीनचे थेंब टाकून नवा गोळा मळला. कानाच्या पाळीइतका मऊ झाल्यावर लाटला आणि लाटण्यावर घेऊन अलगद केकवर सोडला.

"खाली चुण्या पडतात ना, त्या दाबायच्या नाहीत. झग्याचा घेर मोकळा करतो तसं एका हाताने उघडायचं आणि दुसऱ्याने बसवायचं. कळलं का?"

"हो, आई."

"काय कळणार! वर्षापूर्वीही हेच सांगितलं होतं."

मध्येच नवरीचा फोन आला. सून बोलायला अंगणात गेली आणि "फार घाई करतायत हो" म्हणत परत आली. सासूबाईंना बोलायलाही फुरसत नव्हती. त्यांनी कडा घासून घेतल्या, लाटलेल्या फोंडंटची फुलं केली, पाकळी पाकळी वळवून बसवली. त्यांना फार दिवसांनी बरं वाटत होतं. इतकं, की सुनेचं कौतुक करायचंही सुचलं.

"भाजलायस मात्र छान. कडा बघ कशा ताठ उभ्या आहेत. दाबलं तरी जराही खचत नाही."

सुनेला एकदम खोकला आला. "तुमच्याच हाताखाली शिकले, आई."

संध्याकाळी मुलगा गाडी घेऊन आला. केक बघून त्याने शीळ घातली.

"आई, उचलायचं मात्र यांच्यावर सोडा हं," सून म्हणाली. मग दोघं गाडीत जागा करायला बाहेर गेली.

खोलीत सासूबाई आणि केक असे दोघंच उरले. सासूबाईंनी केककडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. ते मामा डोळ्यांसमोर आले. पण आज सुई थरथरली नव्हती, एकही पाकळी मोडली नव्हती. मग हेच तेवढं का राहावं? त्यांनी पदर खोचला, गुडघे वाकवले, केकखालच्या फळीला दोन्ही हात घातले आणि श्वास रोखून सगळा जोर लावला.

केक टुणकन हनुवटीपर्यंत आला.

सासूबाई मागच्या मागे कोलमडता कोलमडता वाचल्या. तिन्ही थर कापसासारखे हलके होते. त्यांनी फळी एका हातावर तोलली आणि मागच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही असं, नख खुपसलं. करकर वाजलं. थर्माकोल! खालपासून वरपर्यंत निव्वळ थर्माकोल.

"अगं, पण ऑर्डरच नाही तर न्यायचा कुठे हा?" खिडकीबाहेर मुलगा कुजबुजत होता.

"कुठेही फिरवून आणा. चेहरा पाहिलात ना त्यांचा?"

सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी केक खाली ठेवला, डोळे पुसले, कंबरेवर हात ठेवले आणि दारातून आत येणाऱ्या दोघांना दरडावलं, "सावकाश रे, दोघांनी मिळून धरा. चांगलाच जड झालाय."